सुतकाचं लाकूड

सिडको
१४ फेब्रुवारी २०१३

स्वरदा,

आशीर्वाद आहेतच, ते ठेवून घ्यायचे की परत धाडायचे ते तू ठरव. पत्ता मनकर्णाबाईंनी दिला. भाजीबाजारात दिसल्या तेव्हा मी तोंड चुकवून मेथीच्या जुड्या उलटसुलट करत होते, पण तुझ्या सासूबाई नर्स होत्या घाटीच्या सरकारी दवाखान्यात, लपलेला पेशंट शोधायची सवय असणार. स्वतःहून जवळ आल्या, म्हणाल्या, पोरं बडोद्यात बरी आहेत, पत्ता देऊ का? फोन नंबरही दिला असता, पण तो मागायचा धीर झाला नाही. पत्त्याची चिठ्ठी मी कणकेच्या डब्यात ठेवली आहे. तुझे बाबा त्या डब्याला आयुष्यात हात लावायचे नाहीत.

तुझा निरोपही त्यांनीच पोचवला. घरासमोरच्या मैदानातलं तुझं लाकडाचं काम बडोद्याच्या प्रदर्शनासाठी निवडलं आहे आणि मे महिन्यात तू अभयबरोबर टेम्पो घेऊन ते न्यायला येणार आहेस, तोवर सांभाळा. हे तू आईला सांगा म्हणालीस की नुसतंच सांगा म्हणालीस, ते मी विचारलं नाही.

सांभाळते आहे. तू गेल्यापासूनच सांभाळते आहे. तुझे कपडे, पुस्तकं, रंगाचे डबे सगळं बाबांनी वाटून टाकलं. हे एवढं जड होतं म्हणून राहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पोळ्या लाटताना समोर तेच दिसतं आणि त्याच्यामागे मैदानाच्या भिंतीवर अभयनं रंगवलेले ते दरवाजे. बाबा त्याला मोळी म्हणतात. मलाही खरं सांगायचं तर त्यातलं काही कळत नाही. रस्ता रुंदीकरणात पडलेल्या घरांच्या चौकटी, तुळया, उंबरे तू हातगाडीवरून आणलेस, एकही खिळा न मारता एकमेकांत अडकवलेस, आणि त्याला ना तोंड ना पाय. पण गुलमंडीकडची एक म्हातारी मुद्दाम रिक्षा करून आली होती, आपल्या घराचा उंबरा त्यात शोधून त्यावर हात ठेवून बसली. मी तिला चहा दिला. तू सांगितलं होतंस तसं महिन्यातून एकदा जवसाचं तेलही चोळते, बाबा देवळात गेले की.

मी भित्री आहे हे काही तुला नवीन नाही. विजा चमकल्या की आरसे झाकणारी बाई मी. तू जाताना दारातून "जाते" म्हणालीस. येते म्हण गं, असं सांगायला मी उठेपर्यंत फाटक वाजलं होतं. दीड वर्षं झाली, तो शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ते लाकूड उभं आहे तोवर तुला यायला कारण आहे, एवढं मला कळतं.

इकडे पाणी नाही. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, सकाळ टँकरच्या वाटेकडे डोळे लावण्यात जाते. तिकडे कसं आहे ते लिही. नाही लिहिलंस तरी मी लिहीन.

आई


२५ फेब्रुवारी २०१३
दांडी पौर्णिमा

स्वरदा,

मागचं पत्र क्रांती चौकातल्या पेटीत टाकलं. इथल्या पोस्टमनची आणि बाबांची रोज गप्पांची बैठक असते, म्हणून तेवढ्या लांब गेले. पोचलं असेल.

आज एक झालं. लिहू की नको, असं दुपारपासून चाललं आहे, पण लिहिते. रस्त्यापलीकडच्या मैदानाला बिल्डरनं पत्रे ठोकले आहेत, तिथं सात मजली इमारत होणार. आपल्या कॉलनीची होळी दरवर्षी तिथं पेटायची. आता ती जागा गेली, म्हणून यंदा आपल्या खिडकीसमोरच्या मैदानात. सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर मंडळाचा बद्रीनाथ आणि दोघंतिघं तुझ्या कामाच्या मधल्या उंच खांबाला एरंडाची फांदी बांधत होते. होळीचा दांडा रोवायचा तो आजच, आणि उभा दांडा आयता मिळाला तर खड्डा कोण खणतो.

मी खाली गेले. बद्रीनाथ चांगला मुलगा आहे, आपलं सिलेंडर तोच वर आणून देतो. मी म्हटलं, अरे, हे स्वरदाचं आहे. तो म्हणाला, "व्हय काकू, ठाव हाय. पर काकांला इचारलंय म्या. न्या म्हनले." यंदा झाड तोडायचं नाही असं मंडळानं ठरवलं आहे, दुष्काळ आहे, सुकं, टाकाऊ असेल तेवढंच जाळायचं. सगळं कसं शहाणपणाचं. त्याला काय बोलायचं?

संध्याकाळी बाबांना जरा आडून विचारलं, की मैदानातली ती मोळी जाळणार आहेत म्हणे. ते पेपरातून वर न बघता म्हणाले, आपलं काय आहे त्यात. मी वरणाला फोडणी द्यायला निघून गेले. तू टेम्पो घेऊन येणार आहेस हे त्यांना सांगायचं तर पत्ता कुठून मिळाला तेही सांगावं लागेल.

अजून महिना आहे. काहीतरी सुचेल मला.

आई


२० मार्च २०१३

स्वरदा,

काही सुचलं नाही. तुझं उत्तरही नाही. मनकर्णाबाई बाजारात दिसत नाहीत. पत्र पोचत नाही, की पोचून तू उघडत नाहीस, की तुला काही झालं आहे, यातलं रोज एकेक मनात येतं आणि शेवटचंच मुक्कामाला राहतं.

तुझ्या कामाभोवती आता ढीग झाला आहे. कुणी मोडकी खाट टाकली, कुणी कपाटाची फळी, कुणी खजुरीचे झाप. शेजारच्या वच्छलाबाईंनी गोवऱ्यांची माळ करून खांबाला घातली. नेम तुला ठाऊक आहे, होळीवर पडलेलं लाकूड कुणी परत न्यायचं नाही. तरी मी दुपारी सगळे झोपले की एकेक झाप ओढून पत्र्यांपाशी नेऊन टाकते. संध्याकाळी तो परत तिथंच असतो, वर आणखी दोन.

एकदा वाटलं, ओलं असलं तर पेटणार नाही. आंघोळीचं साठवलेलं पाणी बादलीभर नेऊन ओतलं. वच्छलाबाई गॅलरीतून बघत होत्या. म्हणाल्या, "काकू, प्यायला थेंब नाय अन् तुम्ही लाकडाला पाजताय? डोकं ठिकानावर हाय का?" त्यांचं चुकलं नाही. मला इतकी लाज वाटली की बादली तिथंच राहिली, आणि दुसरी काही मी नेली नाही. लाकडानं ते पाणी तासाभरात पिऊन टाकलं. दीड वर्षं मीच त्याला तेल पाजलं आहे. काडी लावायचा अवकाश.

बद्रीनाथला परत विचारलं. म्हटलं, मधलं तेवढं सोडा, बाकीचं बाजूला घेऊन पेटवा. तो हसला. म्हणाला, काकू, दांडाच काढला तर होळी कशाची? काकांनी दिलेलं आहे आणि आता पुजलंही आहे. कुठल्याही नेमात न बसणारं लाकूड तू केलंस खरं, पण जिथं उभं आहे तिथले नेम त्याला लागले. मला रात्री झोप नाही. बाबांना वाटतं उकाड्यानं.

तू रागानं का होईना, दोन ओळी लिही.

आई


२७ मार्च २०१३
धुळवड, सकाळ

स्वरदा,

हे पत्र मिळेल त्या क्षणी, हात धुवायलाही थांबू नको, लिही की तू बरी आहेस. मी एक फार अभद्र काम केलं आहे.

काल संध्याकाळी सगळे मैदानात जमले. बायका ताटं घेऊन आल्या, पुरणाची पोळी, नारळ. मीही ताट घेऊन उभी होते, कारण घरात बसले असते तर खिडकीतून दिसलंच असतं. वच्छलाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. बद्रीनाथनं चिंध्या गुंडाळलेला टेंभा पेटवला आणि म्हणाला, काकू, तुम्ही जरा मागं सरा, झळ लागंल. तेव्हा मला तो गुलमंडीच्या म्हातारीचा उंबरा अगदी समोर दिसला आणि मग रिकामा टेम्पो दिसला, मग टेम्पोही नाही. मी म्हणाले, "थांबा. पेटवू नका. घरात सुतक आहे. माझी स्वरदा गेली."

ठरवून म्हटलं नाही गं. सुतकाच्या घरचं लाकूड होळीला चालत नाही एवढंच मनात होतं, आणि तोंडातून हे बाहेर पडलं. बद्रीनाथनं विचारलं, कसं काय? मी म्हणाले, अपघात. कधी? आज कळलं. एक खोटं बोललं की पुढचं आपोआप येतं, मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्या हातातलं ताट वच्छलाबाईंनी काढून घेतलं. बद्रीनाथ म्हणत होता, पण काकांनी आधीच दिलेलं आहे. त्यावर त्या त्याच्या अंगावर धावून गेल्या. "सुतकाचं लाकूड जाळतो? आधीच आभाळ आटलंय, आता गाव खायला घालायचंय का तुला?" टेंभा मातीत विझवला. माणसं घाबरली, स्वरदा. माझ्या एकटीची भीती होती, ती सगळ्यांना वाटून झाली. त्यांनी खाट, फळ्या, झाप, गोवऱ्यांची माळ, सगळं ओढून काढलं आणि लांब भिंतीशी नेऊन छोटी होळी पेटवली. कुणी बोंब मारली नाही. तुझं काम जसंच्या तसं उभं आहे, एरंडाची फांदी तेवढी अजून बांधलेली आहे.

आणि मग बाबा देवळातून परतले. मी त्यांना गाठायच्या आत बद्रीनाथ त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "काका, लई वाईट झालं. ताईचं कळलं आत्ता." मी लांबून बघत होते.  तुझं ते लाकूड जवळ होतं, त्याचा आधार घेत घेत बाबा खाली बसले, धोतर मातीत. दीड वर्षं ज्याला हात लावला नाही ते दोन्ही हातांनी धरून बसले होते. तिथून घरी येईपर्यंत त्यांच्याजवळ सतत कुणी ना कुणी होतं, मला काही सांगता आलं नाही. तेवढा वेळ तुझा बाप तू मेलीस असं समजून चालत होता. ते मी केलं.

स्वयंपाकघरात नेऊन दार लावून सगळं सांगितलं. पत्ता, पत्रं, टेम्पो, सगळं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. ते म्हणाले, "पण ती नक्की बरी आहे ना?" मी म्हटलं, हो. "तुला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, फेब्रुवारीत मनकर्णाबाईंनी. ते म्हणाले, फेब्रुवारीत.

तेव्हापासून आम्ही दोघं तेच घोकत बसलो आहोत. बोललेलं खरं होतं, असं माझी आई म्हणायची. तिन्हीसांजेला, पुजलेल्या होळीपुढे उभं राहून मी पोटच्या पोरीचं मरण बोलले. तू अभयच्या मागे गाडीवर बसून हिंडतेस. मी अपघात म्हणाले, दुसरं काही म्हणता आलं नसतं का मला?

सुतकात बाहेर पडता येत नाही, म्हणून हे पत्र पेटीत पडायला वेळ लागेल. तेही माझा जीव खातं आहे.

आई


२९ मार्च २०१३

स्वरदा,

परवाचं पत्र याच पाकिटात आहे. ते आधी वाच, म्हणजे हे कळेल.

धुळवडीला आपल्याकडे रंगाचं बोट कुणी फिरवलं नाही. चूल पेटवू नका म्हणून वच्छलाबाईंनी पिठलं-भाकरी आणून दिली, शेजाऱ्यांनी पाण्याचा एकेक हंडा आणून ठेवला. या दिवसांत हंडाभर पाणी म्हणजे काय ते तुला तिकडे कळायचं नाही. मी ते घेतलं. नको म्हणायला तोंड नव्हतं. भाकरीचा तुकडा घशाखाली उतरेना, तर वच्छलाबाई म्हणाल्या, होतं असं, आईचं काळीज आहे. मग त्या दारातून बाबांना विचारू लागल्या, की सुतक किती दिवसांचं धरायचं? म्हणजे कॉलनीतल्या बायकांनाही कळेल, कधीपासून कुंकू घेऊन यायचं.

 लग्न न झालेल्या मुलीचं दहा दिवस, झालेलीचं तीन. तुझं लग्न झालं आहे हे वाक्य या घरात अजून कुणी उच्चारलेलं नाही. रजिस्टर लग्न लग्न नसतं आणि अभयच्या घराशी आपलं काही नसतं, हे बाबांनी तुला कोणत्या शब्दांत सांगितलं ते मी परत लिहीत नाही. सगळे बाबांकडे बघत होते. त्यांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "तीन. लग्न झालेली लेक आहे आमची."

काल तिसरा दिवस. दुपारी खोली भरलेली होती, बाहेर पुरुष, आत बायका. फाटकाशी रिक्षा थांबली आणि मनकर्णाबाई उतरल्या. एका पायात चप्पल नव्हती. आपल्याकडे झाडलोट करणारी चंपाबाई त्यांच्या गल्लीत राहते, तिनं सांगितलं होतं. कुणाकडे न बघता त्या सरळ माझ्यापाशी आल्या, माझे दंड धरले.  "विहीणबाई, दोघं एकाच गाडीवर असत्यात. माझं पोरगं कुठं हाय?"

मी दोन दिवस माझ्याच भीतीत बसले होते. तुझ्यापुढे गाडीवर आणखी कुणाचं तरी मूल आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्यांना ओढतच स्वयंपाकघरात नेलं आणि कानात सगळं सांगितलं. त्या ओट्याला टेकल्या. मला वाटलं थोबाडीत देतील, दिली असती तर बरंही वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्या फोन लावला नाय. रिक्षात हातात धरून बसले हुते. उचलला नाय तर काय करू म्हनून." म्हणजे त्याही माझ्यासारख्याच निघाल्या, घाटीत इतकी वर्षं काढून.

मग दोघींनी मिळून लावला. त्यांनी बटणं दाबली, मी त्यांचा हात धरला. वाजत राहिला. किती वेळ वाजला ते सांगता येणार नाही, मी देवाचं नावसुद्धा घेत नव्हते, माझ्या तोंडाचा मला भरवसा राहिला नव्हता. मनकर्णाबाईंनी फोन माझ्या कानाला लावला. आणि तू म्हणालीस, "हॅलो, आई? बोला ना, आई."

ती हाक त्यांच्यासाठी होती हे मला कळतं. मला तू कधी "बोला" म्हणाली नाहीस. तरी मी ती घेतली. दाराच्या फटीतून वच्छलाबाई बघत होत्या, बाहेर तुझं सुतक बसलेलं होतं, आणि तू कानात विचारत होतीस की आवाज येतोय का. मागे कुठंतरी करवत चालली होती. मी पदर तोंडात कोंबला. मनकर्णाबाईंनी फोन घेतला, सगळं बरं आहे ना, अभ्या जेवला का, असं काहीबाही विचारलं आणि ठेवला. पत्रं तुला पोचतात, असं त्या म्हणाल्या. पोरगी वाचते म्हणे, बोलत काही नाही.

मी बाहेरच्या दाराशी आले. बाबा सतरंजीवर पुरुषांमध्ये बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नुसती मान हलवली. हो, अशी.

त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि ते रडायला लागले. तू त्यांना कधी रडताना पाहिलेलं नाहीस, मीही नाही, त्यांची आई गेली तेव्हासुद्धा नाही. खांदे गदगदत होते, मोठ्यानं आवाज येत होता. बद्रीनाथ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "रडू द्या काकांला. दोन दिस दाबून ठिवलं हुतं." सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. त्या सगळ्यांत फक्त मनकर्णाबाईंना आणि मला ठाऊक होतं की तो माणूस कशासाठी रडतो आहे.

आज सुतक फिटलं. बाबा सकाळी मैदानात जाऊन एरंडाची फांदी सोडून आले. होळी भिंतीशी पेटली त्यामुळे अभयच्या चित्रातला कोपऱ्यातला निळा दरवाजा धुरानं काळा झाला आहे, त्याला सांग, माझ्याकडून तेवढं वाचलं नाही. बाकीचं सगळं आहे.

मनकर्णाबाईंनी नंबर लिहून दिला आहे. फोन करणार नाही. तुझी आई म्हणून "हॅलो" म्हणायचं आणि पाठोपाठ सांगायचं की मी तुला मारून टाकलं आहे, हे मला जमणार नाही. आणि खरं म्हणजे भीती अजून गेलेली नाही. काल दुपारी तू होतीस. काल दुपारनंतरचं मला माहीत नाही. तू डोळ्यांसमोर उभी राहीपर्यंत हे असंच चालणार.

म्हणून मे महिन्याची वाट बघू नको. लोकांना तोंड कसं दाखवायचं ते माझ्यावर सोड. वच्छलाबाई बोलायचं टाकतील, बद्रीनाथ सिलेंडर वर आणणार नाही, पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही तर तोही माझ्या नावावर लागेल. मी घाबरेन आणि ऐकून घेईन. बाबा म्हणतात टेम्पो फाटकापाशी लावू दे, मैदानात चाक रुततं. हे ते स्वतःहून म्हणाले.

दिवसाउजेडी ये, सगळे गॅलरीत असतात तेव्हा. रिक्षातून अंग चोरत येऊ नको. अभयला घेऊन मैदानाच्या मधून चालत ये, आणि चारचौघांत मला खोटी पाड.

आई